हललेला फोटो

आमच्या घरातील छायाचित्रांच्या जुन्या पेटीत तळाशी एक खाकी लिफाफा आहे. त्यावर आजोबांच्या हस्ताक्षरात एकच शब्द लिहिला आहे : 'बिघडलेले'. लिफाफ्यात एकुलते एक छायाचित्र. अडत दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी ओट्यासमोर उभी राहिलेली चौदा माणसे. मध्ये खुर्चीवर आजोबा, उजवीकडे मुनीमजी, पुढे सतरंजीवर मुले, आणि अगदी डाव्या कडेला एक हमाल. नेमक्या त्या क्षणी रस्त्यावरून कापसाची बंडी गेली असावी, कारण चित्राच्या कडेला एक पांढरा पट्टा ओढल्यासारखा दिसतो. त्या बंडीकडे पाहण्यासाठी हमालाने मान वळवली आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरला. आजोबांनी छायाचित्रकाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. दुसरे छायाचित्र निर्दोष आले. त्यात बंडी नाही आणि हमालही नाही. तेच आजवर दुकानात गादीमागच्या भिंतीवर टांगलेले आहे.

गेल्या अंकात आपण घरातील मंगलप्रसंगी समूहचित्र कसे घ्यावे, याचा विचार केला होता. तेथे सारा भर स्थैर्यावर होता. या वेळी विषय नेमका उलटा आहे. रस्ता चालू असतो, माणसे ये-जा करीत असतात, आणि ती गती चित्रात गतीच म्हणून कशी उमटवावी? आपल्यासारख्या व्यापारी घरांना हा प्रश्न थोडा अडचणीचा वाटतो. रोजमेळ जसा स्वच्छ हवा, तसाच फोटोही स्वच्छ हवा, अशी आपली धारणा. 'हललेला' म्हणजे वाया गेलेला. ही धारणा मलाही फार वर्षे होती.

प्रथम थोडा हिशेब करू. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, जितका वेळ उघडा राहतो तितक्या वेळात समोरची वस्तू जेवढी सरकेल, तेवढी ती चित्रात पसरते. याहून गहन असे त्यात काही नाही. बाजारात सहज चालणारा माणूस ताशी साडेचार किलोमीटर चालतो असे धरले, तर तो सेकंदाला सव्वा मीटर पुढे जातो. शटर १/२५० सेकंद उघडे असेल तर तो अर्धा सेंटिमीटर सरकेल. चित्रात ते कळणारही नाही आणि माणूस दगडी पुतळ्यासारखा एक पाय हवेत ठेवून उभा दिसेल. १/१५ सेकंदाला तो सुमारे आठ सेंटिमीटर सरकतो. अर्ध्या सेकंदाला दोन फुटांहून थोडा अधिक. चित्रात एका दुकानाचा दर्शनी भाग, म्हणजे सुमारे दहा मीटर रुंदी, मावत असेल तर अर्ध्या सेकंदात तो माणूस चौकटीचा सोळावा हिस्सा व्यापतो. चेहरा पुसला जातो, पण चाल राहते. सायकलस्वार, ऑटोरिक्षा, जवळून जाणारी मोटारसायकल यांचा हिशेब याच रीतीने प्रत्येकाने आपापला मांडावा. एक मात्र ध्यानात ठेवावे की कॅमेऱ्याला आडवी जाणारी वस्तू अधिक पसरते आणि समोरून अंगावर येणारी कमी. म्हणून रस्त्याच्या टोकाशी उभे राहण्यापेक्षा रस्त्याकडे तोंड करून उभे राहणे अधिक लाभाचे.

शटर फार वेळ उघडे ठेवले तर काय होते, याचे उत्तर छायाचित्रणाच्या जन्मकाळीच मिळालेले आहे. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमधील बुलवार द्यु तांप्ल या रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या वेळच्या पद्धतीनुसार प्रकाशाला कित्येक मिनिटे आत येऊ द्यावे लागे. एवढ्या वेळात गाड्या, घोडे, पादचारी सारे निघून गेले आणि चित्रात रस्ता ओस पडलेला उमटला. कोपऱ्यात एक मनुष्य तेवढा दिसतो. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिला होता. छायाचित्रात टिपलेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव सांगतात, नव्हे, नाव कोणालाच ठाऊक नाही. तो थांबला, एवढीच त्याची ओळख. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हाही प्रकाशाला वेळ द्यावाच लागे. व्यक्तिचित्र काढताना डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावण्याची पद्धत त्या काळी होती. आपल्या जुन्या घरांतील पूर्वजांचे चेहरे ताठ दिसतात, त्यामागे स्वभावाइतकाच त्या काळच्या काचेचाही वाटा आहे.

पुढे काच आणि रसायने वेगवान झाली, हललेले चित्र ही केवळ हातून घडलेली चूक ठरली, आणि मग काही जाणत्या छायाचित्रकारांनी ती चूक हेतुपूर्वक करून पाहिली. आपल्या महाराष्ट्रातील त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चर्चगेटचे आहे. रघु राय यांनी १९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्थानकात ते चित्र घेतले. लोकलच्या प्रवाशांचा लोंढा फलाटावरून धुरासारखा वाहतो आहे. कोणाचाही चेहरा ओळखू येत नाही. त्या लोंढ्याच्या मध्ये वर्तमानपत्रात डोके घातलेली माणसे मात्र स्वच्छ, स्थिर दिसतात. नव्याने शिकणाऱ्यांनी हे चित्र शोधून अवश्य पाहावे आणि त्यातील वाचणारी माणसे बोटाखाली झाकून पुन्हा पाहावे. ती झाकली की उरलेला लोंढा निर्जीव होतो. गतीचे चित्र गतीवर उभे नसते, ते थांबलेल्या वस्तूवर उभे असते.

सोव्हिएत सत्ता कोसळल्यानंतर १९९२ ते १९९४ या काळात अलेक्सेई तितारेंको यांनी सेंट पीटर्सबर्ग शहरात अशीच चित्रमाला घेतली. भुयारी रेल्वेच्या स्थानकाच्या पायऱ्यांवरची त्यातली गर्दी ढगासारखी झाली आहे. मात्र कठड्यावर ठेवलेले हात दिसतात, कारण हात क्षणभर कठडा धरून थांबले होते. शहर दुसरे, देश दुसरा, संकट दुसरे. पण रीत तीच.

पाठशाळेत आपण सर्वांनी घोकले आहे की गतीला साहाय्य करणारे धर्मद्रव्य आणि स्थितीला साहाय्य करणारे अधर्मद्रव्य, ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. माशाला पाणी आणि वाटसरूला सावली हे त्यांचे दृष्टान्त. लहानपणी मला प्रश्न पडे की गती नसणे म्हणजेच स्थिती, मग तिच्यासाठी वेगळे द्रव्य कशाला? शास्त्राचा दाखला छायाचित्रणाला जोडण्याचे धाडस मी करणार नाही. पण कॅमेरा हाती घेतल्यावर, स्थिती ही स्वतंत्रपणे मांडून ठेवावी लागणारी गोष्ट आहे, एवढे मला पटले.

आता मुंबईहून धामणगावला यावे. आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या गोदीशी जोडला गेला. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळपुरुष त्याच लोहमार्गाच्या आधाराने या भागात स्थिरावले. स्टेशन, जिनिंग-प्रेसिंग, अडत दुकाने, हमाल, मापारी, दलाल हा सारा पसारा चालता. चालत्या गोष्टींवर पोसलेल्या या गावाची आपल्या घरांतील छायाचित्रे मात्र पाहावीत : सारे उभे, सारे स्थिर, सारे कॅमेऱ्याकडे पाहणारे.

येत्या अक्षय्य तृतीयेला आमचे दुकान बाजारातून नव्या गाळ्यात जाणार आहे. तेथे काचेचे काउंटर असेल, फिरत्या खुर्च्या असतील, संगणक असेल. गादी नसेल. चिरंजीवांचा निर्णय योग्य आहे, त्यात वाद नाही. पण बाबूजी ज्या गादीवर पन्नासांहून अधिक वर्षे बसले, ती समोरच्या वाहत्या रस्त्यासह एकदा टिपून ठेवावी, असे मला दिवाळीनंतर फार वाटू लागले. हंगाम एकच हाती होता.

समोरच्या कापड दुकानदारांनी त्यांच्या ओट्यावर बसण्याची मुभा दिली. तिपाई म्हणजे ट्रायपॉड मी मुद्दामच नेला नाही. तो उभा केला की लोक लग्नाचा फोटोवाला आला असे समजतात. त्याऐवजी दुकानातून दोन किलो तुरीची थैली आणली, ती ओट्याच्या कठड्यावर टेकवली आणि तिच्यात कॅमेरा अलगद रुतवून ठेवला. धान्य कॅमेऱ्याच्या आकाराप्रमाणे बसते आणि त्याला हलू देत नाही. बटण दाबतानाही धक्का लागतो, म्हणून दोन सेकंदांचा टाइमर लावावा. हा उपाय फुकटचा आहे आणि तूर पुन्हा पोत्यात जाते.

प्रकाशाचे गणित मात्र सांभाळावे लागते. पडदा अधिक वेळ उघडा ठेवला म्हणजे प्रकाशाची आवक वाढली. तेवढी ती दुसऱ्या बाजूने कमी केली पाहिजे. आयएसओ म्हणजे संवेदनशीलता किमान, १०० वर ठेवावी, आणि भिंगाचे छिद्र एफ/१६ पर्यंत आवळावे. एवढे करूनही आमच्या भर दुपारच्या उन्हात १/१०० सेकंदाच्या आसपासच चित्र बरोबर येते. १/१५ ला ते जवळजवळ सातपट उजळ होऊन पांढरे पडेल. त्यासाठी भिंगापुढे काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर लावतात. प्रकाशाचा आठवा हिस्सा आत सोडणारी काच दुपारच्या कामाला पुरते. ज्यांना हा खर्च नको त्यांनी दुपार सोडून द्यावी. सूर्यास्तानंतरचा अर्धा-पाऊण तास या कामाला सर्वोत्तम : आकाशात निळा उजेड असतो, दुकानांचे दिवे लागलेले असतात आणि काच न लावताही अर्धा सेकंद सहज मिळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या आपल्या घरांना ही वेळ आयतीच मोकळी असते. इतरांच्या घरी तेव्हा स्वयंपाकाची घाई असते.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र बदलता येत नाही, पण अनेकांत 'प्रो' नावाची सोय असते, तीत शटरचा वेळ हाताने ठरवता येतो. आयफोनवर लाइव्ह फोटो घेऊन नंतर 'लाँग एक्सपोजर' निवडले की तो सारख्या क्षणांची चित्रे एकत्र करून तसाच परिणाम देतो. संध्याकाळी हे सारे उत्तम जमते.

पहिल्या संध्याकाळी मात्र काहीच जमले नाही, आणि त्याचे कारण कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. चर्चगेटला कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. धामणगावात प्रत्येकजण थांबतो. सायकलवाला उतरतो, भाजीवाली पाटी खाली ठेवते, आणि प्रश्न येतो, "काय करून राह्यले भाऊ? रस्त्याचा फोटो? रस्त्यात काय हाय?" वाहता रस्ता टिपायला बसलो आणि माझ्यामुळेच रस्ता थांबला! यावर उपाय एकच निघाला. रोज त्याच वेळी, त्याच ओट्यावर जाऊन बसणे. पाचव्या दिवशी लोकांचे कुतूहल संपले, आठव्या दिवशी मी त्यांना ओट्याचाच भाग वाटू लागलो.

मग प्रयोग सुरू झाले. चार सेकंदांना बाजार निर्मनुष्य दिसला. दागेरांच्या पॅरिससारखा, किंवा आपल्याकडे गाव बंद असताना दिसतो तसा. १/१५ ला माणसे किंचित पुसट आली, आणि ते चित्र खरोखरच बिघडल्यासारखे वाटले. येथे एक गोष्ट ध्यानात आली. थोडे हललेले चित्र चूक वाटते आणि पुरेसे हललेले चित्र हेतू वाटतो. अर्ध्या सेकंदाला रस्ता वाहू लागला. पांढरे धोतर, पांढरा सदरा, कापसाची भरलेली गाडी यांचे ठळक पट्टे उमटत, कारण मागची पार्श्वभूमी गडद होती. काळे कपडे घातलेले लोक मात्र जवळजवळ नाहीसे होत. चालणाऱ्याचा जो पाय जमिनीवर टेकलेला असे, तेवढा स्पष्ट येई, कारण शरीर पुढे जात असताना टेकलेले पाऊल क्षणभर थांबलेलेच असते. बंडीच्या चाकातही खालचे आरे वरच्या आऱ्यांपेक्षा स्वच्छ दिसत. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथा दुप्पट वेगाने पुढे जातो, हे शाळेत शिकलो होतो. डोळ्यांनी पाहिले ते आता.

हाताचा धक्का आणि रस्त्याची गती यांतला भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. चित्रातील दुकानाची पाटी वाचून पाहावी. अक्षरे स्वच्छ असतील तर हलला तो रस्ता. अक्षरे दुहेरी दिसत असतील तर हललो ते आपण. अशा चित्रांना माफी नाही, ती पुसून टाकावीत.

दहाव्या-अकराव्या दिवशी मनासारखे चित्र मिळाले. वर आमची पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येणारी. तिच्याखाली दिव्याच्या उजेडात लोडाला टेकून बसलेले बाबूजी, चष्म्यासह स्पष्ट. आणि त्यांच्यापुढून डावीकडून उजवीकडे वाहणारा सारा बाजार. चर्चगेटच्या वर्तमानपत्रवाल्यांच्या जागी माझे बाबूजी. मला अतिशय आनंद झाला. अमरावतीहून त्याची मोठी प्रत करून आणली आणि दुकानात सर्वांना दाखवली.

वाचकांनी येथे एक स्थानिक फरक ध्यानात घ्यावा. मुंबईच्या चित्रातील पुसट माणूस पुसटच राहतो, कोणाचा तरी कोणीतरी. आमच्या गावात पुसट माणसालाही नाव असते. बाबूजींनी भिंग घेऊन चित्र पाहिले आणि चालीवरून, पिशवीवरून, सायकलच्या मागच्या डब्यावरून एकेकाला ओळखले. एका पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बघ, ह्याच्याकडे मागच्या हंगामाची बाकी आहे. म्हणून एवढ्या घाईने चालला आहे." सारे हसले.

हसण्यात दुकानातील एक हमालही होता. वीस वर्षांहून अधिक काळ तो आमच्याकडे माल वाहतो. त्याने चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि एका करड्या, वाकलेल्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. पाठीवर पोते होते, हे पट्ट्याच्या वरच्या फुगवट्यावरून कळत होते. "हा मी व्हय?" मी हो म्हणालो. "माह्यं तोंड कुठी हाय?" मी त्याला शटरचा वेळ, गती, पाटीची अक्षरे असे काहीबाही समजावू लागलो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजे शेठजी साफ आले, अन् आमचा धूर झाला."

रागाने म्हणाला नाही. भाव सांगावा तसा म्हणाला. पण मला खाकी लिफाफा आठवला. आजोबांच्या त्या चित्रातही पुसला गेलेला चेहरा हमालाचाच होता, आणि दुसऱ्या दिवशी घेतलेल्या निर्दोष चित्रातून तो वगळला गेला होता. आजोबांच्या वेळी निदान तो अपघात होता. माझ्या चित्रात कोणी स्वच्छ राहावे आणि कोणी विरून जावे, हे मी अकरा दिवस बसून, हिशेब करून ठरवले होते. जो बसून असतो तो स्पष्ट येतो आणि जो राबतो तो पुसला जातो, हा माझ्या तंत्राचा गुण मला तोवर दिसलाच नव्हता.

चित्र परत देताना त्याने आणखी एक पाहिले. "शेठजीचा हात बी धूर झाला की," तो म्हणाला. खरेच होते. बाबूजींचा चेहरा स्पष्ट होता, पण वहीवर टेकलेला उजवा हात धुकट होता. तीन वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. घरात आम्ही त्याविषयी फारसे बोलत नाही. रोजमेळ आता मुनीमजी लिहितात आणि बाबूजी केवळ वही उघडी ठेवून बसतात. प्रत मोठी करून आणताना, दाखवताना, मी तो हात पाहिला नव्हता, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले होते. बाबूजींनी चित्र जवळ घेऊन हात पाहिला आणि म्हणाले, "अर्ध्या सेकंदात एवढा हलतो?" मी म्हणालो, "हो." त्यांनी चित्र मुनीमजींकडे दिले.

त्यानंतर मी दुसऱ्या पद्धतीकडे वळलो. तिला पॅनिंग म्हणतात. येथे कॅमेरा थैलीत रुतवायचा नसतो. तो हातात घेऊन चालणाऱ्या माणसाबरोबर फिरवायचा असतो. पाय किंचित फाकवून भक्कम उभे राहावे, कोपरे अंगाशी धरावीत आणि फक्त कंबर वळवावी. माणूस समोर येण्याच्या आधीपासून त्याला चौकटीत धरावे, त्याच्या वेगाने वळत असतानाच बटण दाबावे, आणि बटण दाबल्यावर थांबू नये, वळण पूर्ण करावे. नवशिके येथेच चुकतात. आवाज झाला की थबकतात आणि चित्र वाया जाते. शटर १/१५ ते १/३० च्या दरम्यान ठेवावे. मी १/२० घेतले. असे केले की हिशेब उलटा होतो : चालणारा माणूस कॅमेऱ्याच्या दृष्टीने स्थिर ठरतो आणि इमारती, पाट्या, ओटे, गाद्या सारे आडव्या रेषा होऊन मागे पळते.

हे काम कठीण आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मोटारसायकल सरळ रेषेत, एका वेगाने जाते म्हणून ती सोपी. पोते घेतलेला माणूस प्रत्येक पावलाला खालीवर होतो, थांबतो, पोते सावरतो. मी त्या हमालाला विचारूनच चित्रे घेतली. चार दिवस, माल उतरवण्याच्या वेळी. सुमारे दीडशे चित्रांतून तीन हाती लागली. त्यांतील एकच खरे चांगले आहे. त्याचा चेहरा, खांदा, पोत्याला धरलेली बोटे स्वच्छ आहेत. पाय मात्र पुसट आहेत, कारण ते अंगापेक्षा वेगळ्या वेगाने हलतात. त्याला इलाज नाही, आणि मला तो नकोही आहे. मागे आमचे दुकान आहे, पण ते सांगावे लागते. पाटीची अक्षरे एका लालसर रेघेत मिसळली आहेत. गादीच्या जागी पांढरी रेघ आहे, आणि त्या रेघेत बाबूजी कोठेतरी आहेत.

त्याला प्रत दिली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली, "आता बरोबर," म्हणाला आणि शर्टाच्या आत घालून घरी नेली. आठवड्याने निरोप आला की मुलीसाठी आणखी एक प्रत हवी.

घरात मात्र प्रश्न उरला होता. नव्या गाळ्यात गादीमागची भिंत नसली तरी काउंटरमागे भिंत आहे, आणि तेथे काय लावायचे? जिजीचे म्हणणे असे की आजोबांच्या वेळचे निर्दोष चित्रच लावावे, ती परंपरा आहे. चिरंजीवांना बाजाराचे वाहते चित्र हवे, पण बाबूजींचा हात संगणकावर दुरुस्त करून. तसे आज पाच मिनिटांत होते. मी त्याला नको म्हणालो, तर तो म्हणाला, "पप्पा, ग्राहक काय म्हणतील?" वाद बाबूजींपर्यंत गेला.

त्यांनी सारी चित्रे गादीवर मांडायला सांगितली. आजोबांचे निर्दोष, खाकी लिफाफ्यातले बिघडलेले, माझे दोन्ही. मांडताना त्यांचा हात चित्रांवरून थरथरत फिरत होता. हमालाच्या चित्रापाशी ते थांबले. भिंग घेतले आणि पाटीच्या रेघेकडे पाहिले. "आपली पाटी वाचता येत नाही," ते म्हणाले. मी गप्प राहिलो. भिंग खाली सरकले आणि पोत्यावर येऊन थांबले. पोत्यावरचा मार्का स्वच्छ आला होता.

"हा माल मागच्या मंगळवारचा," बाबूजी म्हणाले. "तूर. वजनात एक पोते कमी भरले होते. मुनीमजी, त्याचे पुढे काय झाले?"

मुनीमजी वही काढायला उठले. लावायचे कोणते, ते अजून ठरलेले नाही. अक्षय्य तृतीयेला अवकाश आहे.